जुन्या लिस्बनमध्ये घर घेण्यापूर्वी

युरोपातील ऐतिहासिक शहरांमध्ये घर घेण्याविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांत लिस्बनचे नाव वारंवार दिसते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून चार प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्यांना मुंबईतल्या पागडीच्या चाळी आणि गोव्यातली जुनी घरे ठाऊक आहेत, त्यांना यातल्या बऱ्याच अडचणी ओळखीच्या वाटतील.

प्रश्न : आम्ही पुण्याचे निवृत्त दांपत्य आहोत. लिस्बनच्या आल्फामा भागात नदी दिसणारे दोन खोल्यांचे घर आम्हाला फार आवडले. किंमत 3 लाख 80 हजार युरो सांगितली आहे. वर्षातले तीन-चार महिने तिथे राहावे आणि उरलेल्या काळात पर्यटकांना भाड्याने द्यावे, असा विचार आहे. या खरेदीबरोबर निवासाचा परवाना मिळतो आणि भाड्यातून खर्च सहज निघतो, असे मध्यस्थ सांगतात. पुढे जावे का?

उत्तर : मध्यस्थांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टींवर विसंबून हा व्यवहार करू नये.

पोर्तुगालने 2012 मध्ये सुरू केलेल्या ‘गोल्डन व्हिसा’ योजनेत पाच लाख युरोंच्या घरखरेदीवर निवासाचा परवाना मिळत असे. 2022 च्या आरंभापासून लिस्बन आणि पोर्तूमधील राहत्या घरांना या योजनेतून वगळण्यात आले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये स्थावर मालमत्तेचा मार्ग पूर्णपणे बंद झाला. घर घेण्याला पोर्तुगालमध्ये राष्ट्रीयत्वाची आडकाठी नाही, पण नुसत्या मालकीमुळे तिथे राहण्याचा हक्कही मिळत नाही. पर्यटक म्हणून शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. त्यामुळे सलग चार महिने राहण्याचा बेत स्वतःच्या घरातही वेगळ्या व्हिसाशिवाय पार पडणार नाही. निवृत्तिवेतनासारखे नियमित उत्पन्न असणाऱ्यांसाठी ‘डी-7’ नावाचा व्हिसा आहे, परंतु त्याचा अर्ज आणि अटी स्वतंत्र आहेत आणि त्यात वर्षाचा बराचसा काळ तिथे राहणे अपेक्षित असते.

भाड्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पर्यटकांना अल्पकाळासाठी घर देण्याकरिता महापालिकेकडे ‘आलोजामेंतू लोकाल’ या नावाने नोंदणी असावी लागते. 2018 पासून महापालिकांना ठरावीक भागांत अशा नोंदण्या रोखण्याचा अधिकार मिळाला आणि लिस्बनने तो आल्फामा, मोरारिया, किल्ल्याचा परिसर, बाइरू आल्तू अशा जुन्या वस्त्यांसाठी वापरला. 2023 च्या कायद्याने बंधने देशभर कडक केली. नोव्हेंबर 2024 पासून अमलात आलेल्या सुधारणेने निर्णयाचा अधिकार पुन्हा महापालिकांकडे दिला, तरी जुन्या लिस्बनचे दार त्यामुळे उघडले नाही. ‘सध्याच्या मालकाकडे नोंदणी आहे, ती आपल्या नावावर होईल’ असे कोणी सांगितले, तर अशा नियंत्रित भागांत नोंदणी व्यक्तीपुरती आणि अहस्तांतरणीय ठरवता येते, हे लक्षात ठेवावे. घर आपल्या नावावर होईल आणि नोंदणी संपेल, असे घडू शकते. आपल्या वकिलाने महापालिकेकडून त्या विशिष्ट पत्त्याविषयी लेखी उत्तर घ्यावे आणि ते हाती येईपर्यंत पर्यटकांच्या भाड्याचा एक युरोही हिशेबात धरू नये. इमारतीतील रहिवाशांनाही यात अधिकार आहे. त्रास वारंवार होत असल्याचे दाखवता आले, तर अर्ध्याहून अधिक हिश्श्याच्या बहुमताने ते नोंदणी रद्द करण्याची मागणी महापालिकेकडे करू शकतात.

हे निर्बंध मला योग्य वाटतात. आल्फामाचे जे रूप आपल्याला भावले, ते तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसांमुळे टिकले आहे. एकेक घर पर्यटकांकडे जात गेले, तसतशी तीच माणसे शहराच्या कडेला ढकलली गेली. वर्षभर राहणाऱ्या भाडेकरूला दीर्घ मुदतीच्या कराराने घर देण्याचा मार्ग आजही खुला आहे. उत्पन्न कमी मिळेल आणि आपल्याला हवे तेव्हा घर मोकळे मिळणार नाही, हे मात्र त्यात गृहीत धरावे लागेल.

आता इमारतीविषयी. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या सागरी लाटांनी आणि आगींनी लिस्बनचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. तत्कालीन पोर्तुगीज मंत्री मार्क्विस ऑफ पोंबालच्या कारकिर्दीत सखल भागातील बायशाची वस्ती काटकोनी रस्त्यांवर नव्याने उभारली गेली आणि तिथल्या भिंतींच्या पोटात आडव्या, उभ्या आणि तिरप्या लाकडांचा सांगाडा बसवण्यात आला. त्याला तिथे ‘गायोला’, म्हणजे पिंजरा म्हणतात. धक्का बसला तर दगडी भाग ढासळला तरी लाकडाने इमारत सावरून धरावी, अशी ती योजना होती. पुढच्या काळात दुकानांसाठी तळमजल्याच्या भिंती काढल्या गेल्या, नळांसाठी तिरपी लाकडे कापली गेली, वर जादा मजले चढले. अशा इमारतीत पिंजरा किती शाबूत आहे, हे रंगरंगोटी पाहून कळत नाही. आल्फामा टेकडीवर असल्यामुळे भूकंपातून बरेचसे वाचले, पण त्याच कारणाने तिथल्या अनेक घरांची रचना पोंबालच्या काळाआधीची आहे आणि त्यांत असा सांगाडा सापडण्याची खात्री नाही.

म्हणून जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता स्वतः नेमून तपासणी करून घ्यावी. विक्रेत्याने दिलेला अहवाल पुरेसा समजू नये. लाकडी तुळया आणि पाटण यांना वाळवी किंवा कुजणे आहे का, छत कोणाच्या मालकीचे आहे, सांडपाण्याची वाहिनी कोठून जाते, शेजारच्या इमारतीची भिंत सामाईक आहे का, हे सगळे लेखी मागावे. लिस्बनचा हिवाळा कडक नसला तरी दमट असतो. जुन्या घरांत उष्णतेची सोय नसते, त्यामुळे जूनमध्ये पाहिलेले घर जानेवारीत पुन्हा पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या वयाचा विचार करता लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि वाहन दारापर्यंत न जाणारी पायऱ्यांची गल्ली या गोष्टीही नदीच्या दृश्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. दर्शनी भिंतीवरच्या ‘अझुलेजू’ फरशा काढण्यावर कायद्याने बंधने आहेत. खिडक्या, रंग, छप्पर यांतील बदलांनाही संरक्षित परिसरात परवानगी लागते. घर घेतल्यावर सहा महिन्यांत नूतनीकरण पूर्ण होईल, असे वेळापत्रक कोणी दिले तर ते मान्य करू नये.

विम्याचा एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. सामाईक मालकीच्या इमारतीत आगीचा विमा बंधनकारक आहे, भूकंपाचा ऐच्छिक आहे. 1755 नंतरही, विशेषतः फेब्रुवारी 1969 मध्ये, या शहराने मोठे धक्के अनुभवले आहेत. भूकंपाचे संरक्षण स्वतंत्रपणे मागून घ्यावे आणि कोणतीही कंपनी ते या इमारतीला देण्यास तयार आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. नकार मिळाला, तर तोही इमारतीविषयीचा एक अहवालच समजावा.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो, दोघेही नोकरी करतो. लिस्बनमध्ये घर घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवण्याची मर्यादा काय? गृहकर्ज मिळेल का? बँकेने कापलेला कर परत मिळतो का?

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतात निवासी असलेली प्रत्येक व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते आणि तिचा उपयोग तेथील स्थावर मालमत्ता घेण्यासाठी करता येतो. पती-पत्नीची मर्यादा एकत्र करता येते. मात्र मालमत्तेसाठी मर्यादा एकत्र करताना दोघेही सहमालक असावेत. पैसे दोघांचे आणि खरेदीखत एकाच्या नावावर, अशी रचना करू नये. मुलांच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यातून रक्कम पाठवण्याचा विचार असेल, तर तोच निकष त्यांनाही लावावा. मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत रक्कम विभागणे नियमाला धरून आहे, फक्त साठेखतातील तारखा त्याप्रमाणे ठरवून घ्याव्यात. पाठवलेली आणि न वापरलेली रक्कम परदेशी खात्यात अनिश्चित काळ ठेवता येत नाही. 180 दिवसांत गुंतवली नाही तर ती परत आणावी लागते, त्यामुळे घर ठरण्याआधी पैसे पाठवून ठेवू नयेत.

अशा भांडवली प्रेषणासाठी भारतीय बँकांनी कर्ज देणे अपेक्षित नाही. काही जण येथील घर तारण ठेवून ‘इतर कारणासाठी’ कर्ज काढण्याचा सल्ला देतात. बँकेला दिलेले कारण आणि पैशाचा खरा उपयोग यांत तफावत ठेवून परकीय चलनाचा व्यवहार करणे धोक्याचे आहे, तसे करू नये.

एका व्यक्तीने आर्थिक वर्षात पाठवलेल्या दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक 20 टक्के कर गोळा करते. दोघांनी प्रत्येकी एक कोटी रुपये पाठवले, तर प्रत्येकाच्या 90 लाखांवर 18 लाख, म्हणजे एकूण 36 लाख रुपये वेगळे लागतील. ही रक्कम बुडत नाही. ती आपल्या प्राप्तिकरात वळती होते आणि जास्त झाली तर परतावा मिळतो. परंतु तोपर्यंत ती अडकून राहते. घराच्या किमतीची जुळवाजुळव करताना नेमका हाच आकडा विसरला जातो आणि ऐन खरेदीखताच्या आठवड्यात धावाधाव होते.

यापुढची जबाबदारी दरवर्षीची आहे. निवासी करदात्याने परदेशी मालमत्ता विवरणपत्राच्या स्वतंत्र परिशिष्टात दाखवणे बंधनकारक आहे, त्यातून उत्पन्न असो वा नसो. ती न दाखवल्यास 2015 च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. लहान रकमांच्या परदेशी मालमत्तेला अलीकडे दिलेली सवलत स्थावर मालमत्तेला लागू नाही. भाडे मिळाले, तर पोर्तुगालमध्ये त्यावर कर भरावा लागेल आणि भारतातही ते उत्पन्नात दाखवावे लागेल. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असल्यामुळे तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे मागता येते, पण त्यासाठी तिकडच्या कराच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

प्रश्न : मी मडगावला राहतो. माझ्या वडिलांचा जन्म 1961 पूर्वी गोव्यात झाला. त्या आधारावर माझ्या मुलाने पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेतले असून तो लिस्बनमध्ये नोकरी करतो. तो घर घेणार आहे. मी त्याला मदत करू शकतो का, आणि माझे नाव घराला लावावे का? पुढे वारसाहक्काचे काय होईल?

उत्तर : आपल्या मुलाची स्थिती वरच्या दोन्ही पत्रलेखकांपेक्षा वेगळी आहे. तो परदेशात निवासी असल्याने स्वतःच्या तिथल्या उत्पन्नातून किंवा तिथल्या बँकेच्या कर्जातून घर घेण्यास त्याला भारतीय परकीय चलन नियमांची अडचण नाही. भारतातील अनिवासी (एनआरओ) खात्यात त्याचे स्वतःचे पैसे असतील, तर कर भरल्याच्या दाखल्यानिशी एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत तो ते बाहेर नेऊ शकतो.

आपण त्याला भेट म्हणून रक्कम पाठवू शकता. ती आपल्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजली जाईल आणि वर सांगितलेला 20 टक्क्यांचा करही लागेल. साधे देणगीपत्र करून ठेवावे. अशा भेटीने आपण मालक होत नाही, म्हणून दरवर्षी परदेशी मालमत्ता जाहीर करण्याचा भारही आपल्यावर येत नाही. आपले नाव लावायचेच असेल, तर भारतातून रक्कम न जाता मुलाच्या पैशाने घेतलेल्या घरात नातेवाईक म्हणून सहमालक होण्याची मुभा 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांत आहे. पण मग मालमत्ता जाहीर करणे आले आणि पुढच्या प्रत्येक व्यवहाराला आपली सही लागेल. माझे मत विचाराल, तर घर मुलाच्या एकट्याच्या नावावर असू द्यावे.

वारसाहक्काच्या बाबतीत गोव्याच्या वाचकांना एक गोष्ट आधीपासून माहीत असते. पती-पत्नी आणि मुले यांचा हिस्सा कायद्याने राखीव असतो आणि मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. पोर्तुगालमध्ये जोडीदार आणि मुले दोन्ही असतील, तर संपत्तीचा दोन तृतीयांश भाग असा राखीव असतो. विवाहाच्या मालमत्तेत मात्र फरक आहे. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली सर्वसामान्य पद्धत पती-पत्नीच्या सर्वच मालमत्तेला सामाईक मानते. पोर्तुगालने स्वतः 1966 मध्ये नवी संहिता आणली आणि तिथे करार केला नसेल, तर विवाहानंतर कमावलेलीच मालमत्ता सामाईक ठरते. खरेदीखतात विवाहाची पद्धत नोंदवली जाते, म्हणून आपल्या मुलाचा विवाह गोव्यात झाला असेल, तर कोणत्या पद्धतीने झाला हे दाखवणारा दाखला ॲपोस्टिलसह, म्हणजे परदेशात ग्राह्य धरल्या जाणाऱ्या सरकारी प्रमाणशिक्क्यासह, तयार ठेवावा. चुकीची नोंद झाली, तर पुढे विक्रीच्या वेळी सुनेच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो आणि त्यात दोन देशांची कार्यालये गुंततात.

ऑगस्ट 2015 पासून लागू असलेल्या युरोपीय वारसा नियमानुसार मृत्यूच्या वेळी माणूस नेहमी जिथे राहत असे, तिथला कायदा साधारणतः लावला जातो, मात्र मृत्युपत्रात आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडता येतो. भारतीय रीत स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा लावते. त्यामुळे काही निवड केली नसेल, तर भारतात राहणाऱ्या मालकाच्या लिस्बनमधील घराची वाटणीही अखेरीस पोर्तुगीज कायद्याकडे जाऊ शकते. पुणे आणि ठाण्याच्या पत्रलेखकांनी हा भाग मुद्दाम वाचावा. केवळ दोन मुली असलेल्या एखाद्या दांपत्याला सर्व काही आधी एकमेकांना आणि नंतर मुलींना द्यायचे असेल, तर स्वतंत्र मृत्युपत्राशिवाय ते घडणार नाही. जोडीदार, मुले आणि आई-वडील यांना मिळणाऱ्या वारशावर तिथला दहा टक्के मुद्रांक कर लागत नाही, इतर नातेवाइकांना मात्र तो लागतो.

मुलाने भारतीय पारपत्र परत करून परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड घेतले आहे ना, हेही पाहावे. पोर्तुगीज राष्ट्रीयत्व स्वीकारल्यावर भारतीय नागरिकत्व राहत नाही. कार्डधारकाला गोव्यात घर घेता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी.

प्रश्न : नाशिकहून लिहीत आहे. घर पसंत पडले असून ‘आरक्षण’ म्हणून सहा हजार युरो तातडीने भरण्यास सांगितले आहे. व्यवहाराचा नेमका क्रम काय असतो आणि कोणती कागदपत्रे पाहावीत?

उत्तर : घाई करणाऱ्याला पैसे देऊ नयेत. आरक्षण भरायचेच असेल, तर कागदपत्रांत दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल, असे लिहून घ्यावे आणि ती वकिलाच्या खात्यात ठेवावी. वकील आपला स्वतःचा असावा, मध्यस्थाने सुचवलेला नसावा.

प्रथम पोर्तुगीज कर क्रमांक घ्यावा लागतो, त्याशिवाय काहीच हलत नाही. त्यानंतर वकील दोन मूळ कागद काढतो. नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर मालक, गहाणखत आणि जप्ती कळते, तर कर खात्याच्या पुस्तिकेत क्षेत्रफळ, वापर आणि करपात्र मूल्य असते. दोन्हींतील क्षेत्रफळ प्रत्यक्ष घराशी ताडून पाहावे. बंद केलेला सज्जा आणि पोटमाळ्यावर काढलेली खोली जुन्या घरांत नेहमी आढळते आणि तिला परवानगी असतेच असे नाही. 2024 पासून खरेदीखताच्या वेळी वापर परवाना दाखवण्याची सक्ती उठली आहे. व्यवहार सोपा झाला, पण परवाना आहे की नाही हे शोधण्याची जबाबदारी आता खरेदीदारावर आली. जुन्या इमारतीचे स्वतंत्र सदनिकांत कायदेशीर विभाजन झाले आहे का, हेही पाहावे. झाले नसेल, तर विकत मिळतो तो अविभक्त हिस्सा.

घरात भाडेकरू असेल, तर विक्रीने त्याचा करार संपत नाही, तो नव्या मालकाकडे चालू राहतो. 1990 पूर्वीचे काही करार वृद्ध भाडेकरूंना अत्यल्प भाड्यात संरक्षण देतात. घराची किंमत बाजारापेक्षा बरीच कमी दिसली, तर पहिला प्रश्न आत कोण राहते हाच असावा. दोन वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या भाडेकरूला त्याच किमतीत घर घेण्याचा अग्रहक्कही असतो. ऐतिहासिक भागात महापालिका आणि वारसा खाते यांनाही असा अग्रहक्क असू शकतो. विक्रीची सूचना सरकारी संकेतस्थळावर द्यावी लागते आणि ठरावीक मुदतीत कोणी हक्क बजावला नाही, तरच खरेदीखत करता येते.

साठेखताच्या वेळी साधारणपणे दहा ते वीस टक्के इसार दिला जातो. खरेदीदाराने माघार घेतली तर इसार जातो, विक्रेत्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावी लागते. वर सांगितलेली सर्व तपासणी साठेखतापूर्वी पूर्ण करावी किंवा तिचे निष्कर्ष ही साठेखताची अट म्हणून लिहावी. रहिवासी संघाच्या मागील तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. छपराच्या दुरुस्तीची चर्चा इतिवृत्तात असेल, तर तो खर्च काही महिन्यांत आपल्याच वाट्याला येणार आहे.

खरेदीखताच्या आधी हस्तांतरण कर आणि 0.8 टक्के मुद्रांक शुल्क भरावे लागते. हस्तांतरण कर किमतीप्रमाणे चढत जातो आणि अनिवासी खरेदीदारांसाठी तो वाढवण्याचा मनोदय सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केला होता, म्हणून व्यवहाराच्या तारखेचा दर वकिलाकडून लेखी घ्यावा. कर, शुल्क, वकील आणि अभियंता मिळून किमतीच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेवावी. पुढे दरवर्षी महापालिकेचा घरकर असतो. लिस्बनमध्ये तो करपात्र मूल्याच्या 0.3 टक्के आहे. स्वतः जाता येत नसेल, तर मुखत्यारपत्र ॲपोस्टिलसह पाठवता येते, मात्र त्यात फक्त या एका घराच्या खरेदीचा आणि ठरलेल्या कमाल किमतीचा उल्लेख असावा. स्वतः हजर राहिलात आणि पोर्तुगीज येत नसेल, तर खरेदीखत वाचले जाताना दुभाषा असणे आवश्यक आहे. त्याची व्यवस्था विक्रेत्यावर न सोडता आपण करावी.